तिसऱ्या सिलिंडरचा दम

गाडीच्या इंजिनात किती दम उरलाय हे पाहायचं एक मीटर असतं. तळहातावर मावेल एवढी गोल तबकडी, तिला वीतभर रबरी नळी आणि नळीच्या टोकाला आटे. इंजिनाचा प्लग काढायचा, त्या भोकात नळी पिळून बसवायची आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. आतला पिस्टन वर येताना हवा दाबतो, सुई झटक्याझटक्याने चढते आणि कुठेतरी थांबते. ती जिथे थांबेल त्यावर मी तीस-बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो, तुमची गाडी चालेल की नाही. बोईसरजवळ पामच्या फाट्याला माझं गॅरेज आहे. वडील कराडकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले. मी कारखान्याऐवजी गाड्यांत रमलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सुई आहे, आकडा आहे, मग चूक होणार कशी? होते. चाचणीआधी इंजिन गरम हवं, तिन्ही-चारी प्लग काढलेले हवेत, एक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा आणि बॅटरी दमदार हवी. यातलं एक चुकलं तरी सुई खाली थांबते. एका कारखान्यातले जळगावकडचे फोरमन होते. त्यांच्या गाडीची चाचणी मी मरत आलेल्या बॅटरीवर घेतली. चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवत होते. मी मान हलवून म्हणालो, "साहेब, इंजिन गेलं." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून गाडी मिळेल त्या भावात विकली. दोन वर्षांनी तीच गाडी हॉर्न दुरुस्तीला माझ्या दारात आली. नव्या मालकाने सांगितलं, बॅटरी बदलली, बाकी इंजिनाला हात लावावा लागला नाही. मी हॉर्न दुरुस्त करून दिला आणि काही बोललो नाही. तेव्हापासून सुई कुठेही थांबली तरी आकडा वाचायच्या आधी मी बॅटरीकडे बघतो.

पण लिहायचं आहे ते ज्योत्स्नाच्या व्हॅनबद्दल.

ज्योत्स्ना दातिवऱ्याची. वय पस्तीसच्या आसपास. नवरा बोटीवर, एकदा दर्यात गेला की आठ-दहा दिवस परत नाही. घरी सासरे, त्यांना सगळे दादा म्हणत. दादांच्या किडन्या निकामी झालेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार बोईसरला डायलिसिस. यासाठी ज्योत्स्ना गाडी शिकली, आणि नवऱ्याने मासळी न्यायला घेतलेली जुनी व्हॅन ती चालवू लागली. पहाटे मासळीच्या टोपल्या मागे भरायच्या, मधल्या सीटवर उशी लावून दादांना बसवायचं, एडवण, केळवे, माहीम, पालघर करत आठाच्या आत बोईसर गाठायचं. दादांना मशीनवर लावलं की बारापर्यंत बाजारात मासळी विकायची आणि मग दादांना घेऊन परत जायचं. दादा आता नाहीत. ते या गोष्टीमुळे गेले नाहीत, त्यानंतर पुष्कळ दिवस होते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला माझ्यासारखीच धाकधूक लागून राहायची.

एका सोमवारी सकाळी साडेआठला ती व्हॅन घेऊन आली. दादांना डायलिसिस सेंटरला सोडून, टोपल्या बहिणीकडे बाजारात उतरवून आली होती.

"मिस्तरी, गाडी उभ्या उभ्या थरथरते. चढाला तर वडतच नाय. बारा वाजेपर्यंत बघून द्या. दादांना न्यायचं हाय."

गाडी गॅसवर चालणारी, तीन सिलिंडरची. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली, तिन्ही प्लग काढले, गॅस बंद केला, बॅटरी तपासली. ज्योत्स्नाला म्हटलं, "ताई, तुम्ही बसा. एक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मी सांगेन तेव्हा चावी फिरवा."

पहिल्या सिलिंडरला सुई दीडशे पौंडांवर गेली. दुसऱ्याला एकशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्याला साठ.

मी नळी पुन्हा पिळली. साठच.

आता दम जातो कुठून हे शोधायचं. वाट दोन ठिकाणी असू शकते. पिस्टनच्या कडेने, म्हणजे रिंगा झिजलेल्या, किंवा वरून, म्हणजे व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत चाचणी घ्यायची. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल फटी बुजवतं आणि सुई वर चढते. मी ऑइल सोडलं. सुई साठावरून पासष्टवर गेली, पुढे नाही. म्हणजे व्हॉल्व्ह.

गॅसच्या गाड्यांत हे नेहमीचं. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरचा दरवाजा. तो ज्या चौकटीवर बसतो ती गॅसच्या उष्णतेने झिजते, दरवाजा हळूहळू आत बसत जातो. त्याला वरून दाबणाऱ्या लिव्हरमध्ये आणि त्याच्यात कागदाएवढी फट ठेवलेली असते, तिला आम्ही टॅपेट म्हणतो. ती फट संपली की दरवाजा पूर्ण मिटतच नाही. वरचं झाकण काढून बघितलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या दरवाजाला, फट शून्य. स्क्रू फिरवून फट केली आणि परत मीटर लावलं. एकशे दहा.

एकशे दहा हा मोठा वाईट आकडा. साठ असता तर मी सरळ म्हणालो असतो, गाडी हलवू नका. दीडशे असता तर म्हणालो असतो, जा खुशाल. एकशे दहाचा अर्थ व्हॉल्व्हची कड जळायला लागलीय. काही दिवस चालेल. किती दिवस, ते कुणीच सांगू शकत नाही.

"इंजिनाचं हेड, हे वरचं सगळं, उतरवावं लागेल," मी म्हणालो. "वसईला मशीनवर पाठवावं लागतं. तीन दिवस तरी."

"तीन दिवस?" तिने बोटांवर वार मोजले. "शुक्रवारी दुपारी दिली तर सोमवारी सकाळी मिळंल?"

"मिळेल."

"मग बुधवारचं आणि शुक्रवारचं येणं?"

मी एकशे दहाच्या सुईकडे बघितलं. माझ्याकडे स्वतःची गाडी असती तर दिली असती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या, दाराशी माझी एक स्कूटर. मी म्हणालो, "शुक्रवारपर्यंत चालेल. सावकाश न्या, चढावर दाबू नका."

हे वाक्य मी बोललो.

फट बसवली की स्क्रू जागेवर राहावा म्हणून त्याच्यावर एक नट आवळायचा असतो. स्क्रू एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने पाना. प्रत्येक सिलिंडरला दोन दरवाजे, असे सहा नट. माझा नियम असा, की सहाही आवळून झाले की पहिल्यापासून परत एकदा सगळ्यांवर पाना फिरवायचा. एवढ्यात ज्योत्स्नाचा फोन वाजला. सेंटरमधून सिस्टर बोलत होती. दादांचं ब्लडप्रेशर उतरलंय, मशीन थोडं लवकर बंद करतोय, तुम्ही या. ज्योत्स्नाने फोन ठेवला. "मिस्तरी, व्हईल का लवकर?" मी झाकण बसवलं, प्लग लावले, सीट टाकली. दहा मिनिटांत ती गेली. दुसऱ्यांदा पाना फिरवायचा राहिला, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बुधवारी मी सकाळपासून रस्त्याकडे बघत होतो. दादांना सोडलं की गाडीचा आवाज ऐकवून जा, असं मी तिला सांगितलं होतं. साडेआठ झाले. नऊ झाले. हातात एका गाडीचे ब्रेक होते, ते खोलून तसेच ठेवले. फोन लावला तर लागत नव्हता. त्या बाजूला रेंज जाते हे मला माहीत होतं, तरी चार वेळा लावला. बाजारात तिच्या बहिणीला विचारायला गेलो. बहीण म्हणाली, "अजून नाय आली. आज निघालीच उशिरा, पर एवढा येळ नाय लागत. मी तुमालाच इचारणार होते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी माणूस केळव्याहून बोलत होता. "दातिवऱ्याची व्हॅन उसरणीच्या अलीकडं बंद पडली हाय. त्या बाईंनी नंबर दिला, मिस्तरीला सांगा म्हणून. आत म्हातारा माणूस हाय, त्याला धाप लागलीय."

मी हत्यारांची पिशवी स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि निघालो. बोईसर ते पालघर, पालघर ते माहीम, पुढे केळवे. तो रस्ता एवढा लांब आहे हे मला त्याआधी कधी जाणवलं नव्हतं. डोक्यात एकच चित्र, व्हॉल्व्हचा तुकडा तुटून पिस्टनवर पडलाय, इंजिन अडकलंय. आणि त्याच्या मागच्या सीटवर दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेला माणूस. मीच म्हणालो होतो, शुक्रवारपर्यंत चालेल. 

व्हॅन सुरूच्या झाडांखाली कडेला उभी होती. मागचं दार उघडं, मासळीवर ओला गोणपाट. दादा सीटवर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. पावलं सुजून चपलांच्या पट्ट्यांत रुतली होती. ज्योत्स्ना त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"दोन रिक्षा भरलेल्या गेल्या," ती म्हणाली. "एक टेम्पोवाला न्यायला तयार होता. पर दादा जात नायत."

"बायला रस्त्यात टाकून कसा जाऊ?" दादा म्हणाले. सुनेला ते बाय म्हणत. प्रत्येक दोन शब्दांनंतर श्वास घेत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीच थांबवली. वर टकटक व्हाया लागली. पयली बारीक, मंग मोठी. बाय म्हनली जाऊ दे, येळ होईल. मी म्हनलं बंद कर."

दादांनी चाळीस वर्षं बोटीवर काढली होती. बोटीचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू करायच्या काळातले ते. दम आहे की नाही हे त्यांना हँडलवरच्या हाताला कळायचं. मी सीट उचलली. इंजिन तापलेलं होतं, झाकणाचे बोल्ट फडक्याने धरून काढले.

व्हॉल्व्ह तुटला नव्हता. तिसऱ्या एक्झॉस्टचा नट सुटत सुटत स्क्रूच्या टोकाशी आला होता. स्क्रू मागे फिरला होता, त्यामुळे दरवाजा उघडतच नव्हता आणि लिव्हर नुसता आपटत होता. अजून दोन-तीन किलोमीटर गाडी गेली असती तर नट आत पडला असता आणि मग इंजिनाचं काय झालं असतं ते सांगायला नको.

तो नट मी आवळला होता. म्हणजे मी आवळला नव्हता.

"काय झालंय?" ज्योत्स्नाने विचारलं.

"नट ढिला झालाय," मी म्हणालो.

मराठीत हे वाक्य फार सोयीचं आहे. नट आपोआपच ढिला झाला, असा त्याचा अर्थ होतो. मी वर बघितलं तेव्हा दादा माझ्याकडे बघत होते.  आणखी बोलायला त्यांच्याकडे श्वास नव्हता.

गरम इंजिनाला फट थोडी जास्त ठेवावी लागते. पट्टी घालून ती मोजली, स्क्रू धरला, नट आवळला. बोटं भाजत होती, त्याचं मला बरंच वाटलं. सहाही नटांवर पाना फिरवला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. झाकण बसवून चावी फिरवली. गाडी चालू झाली. टकटक गेली. तिसरा सिलिंडर जेमतेम साथ देत होता, पण देत होता.

मी स्कूटर तिथल्या एका घराच्या अंगणात लावली आणि व्हॅनमध्ये पुढे बसलो. सीटखालून येणारा प्रत्येक आवाज ऐकत मी तो रस्ता काढला. कानाला नसलेले आवाजही ऐकू येत होते. मागे दादांचा श्वास. दोन्हींपैकी कोणता आधी थांबेल, असा घाणेरडा विचार माझ्या मनात येत होता आणि जात नव्हता. माहीमला रेंज आल्यावर ज्योत्स्नाने गाडी थांबवून सेंटरला फोन केला. सकाळचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. सिस्टर म्हणाली, घेऊन या, ऑक्सिजन लावू, दुपारच्या बॅचला बघू.

दुपारी अडीचपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर बसलो होतो. काचेपलीकडे दादा अर्धवट बसवलेले, नाकाला नळी. ज्योत्स्नाची बहीण येऊन मासळी घेऊन गेली होती. बर्फ वितळून निम्मी खराब झाली होती. ज्योत्स्ना मधेच उठून काचेशी जायची, परत येऊन बसायची.

"तुमी जेवलात का?" तिने मला विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती मला जेवणाचं विचारत होती, मी धावत आलो म्हणून माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होती, आणि तिची ती नजर मला घालवायची नव्हती. "भूक नाही," एवढंच म्हणालो. अडीचला मशीन रिकामं झालं. संध्याकाळी दादा बाहेर आले तेव्हा त्यांचा श्वास सरळ झाला होता. ज्योत्स्नाने त्यांच्या चपलांच्या पट्ट्या ढिल्या करून चपला त्यांच्या पायात घातल्या.

शुक्रवारी तिने ठरल्याप्रमाणे गाडी आणून दिली आणि शेजाऱ्याच्या टेम्पोने दोघं परत गेली. मी हेड उतरवलं. तिसऱ्याच्या व्हॉल्व्हची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. शनिवारी स्वतः वसईला जाऊन नवा व्हॉल्व्ह आणि चौकटी बसवून घेतल्या, रविवारी दिवसभर जोडणी केली. एरवी मी रेडिओ लावतो. त्या दिवशी लावला नाही.

सोमवारी त्याच टेम्पोने येऊन, दादांना सेंटरला सोडून ज्योत्स्ना गॅरेजवर आली. मी प्लग काढून ठेवले होते, म्हणजे तिच्यासमोर चाचणी होईल. ती चावीला बसली. पहिला एकशे बासष्ट, दुसरा एकशे साठ, तिसरा एकशे साठ. तिने वाकून तिसऱ्याची सुई बघितली आणि पहिल्यांदा थोडी हसली.

मी प्लग लावले, हात पुसले. आता ती जाणार होती.

"ताई," मी म्हणालो, "बुधवारी नट आपोआप ढिला झाला नव्हता. सोमवारी मी तो नीट आवळला नव्हता. घाईत परत तपासायचा राहिला. दादांना जे सोसावं लागलं ते माझ्यामुळे."

तिने चावी काढून घेतली. मग म्हणाली, "ठावं हाय. दादांनी त्याच दिशी सांगितलं. घरी जाताना."

"मग शुक्रवारी गाडी माझ्याकडेच का दिलीत?"

"मी नायच देणार होते. पालघरात दुसरा मिस्तरी बघून ठेवला होता." तिने हे असं सांगितलं, जणू कालचा बाजारभाव सांगतेय. "दादा म्हनले, त्याच्याकडंच दे. आता त्याच्याइतका जपून नट कोन आवळनार नाय."

 ती व्हॅनमधून उतरली आणि पुढची सीट तिने स्वतःच उचलली.

"पर मला एकदा दाखवा," ती म्हणाली. "दादांना आवाज कळतो, मला नाय कळत. उद्या दादा गाडीत नसतील तर?"

मी बसवलेलं झाकण पुन्हा उघडलं. पाना तिच्या हातात दिला, स्क्रू कसा धरायचा ते दाखवलं, नट हलतो की नाही ते मनगटाला कसं समजतं ते सांगितलं. तिने सहाही नट एकेक करून बघितले. घाई केली नाही. मग पहिल्यावर परत आली आणि सहाही दुसऱ्यांदा बघितले, मी न सांगता. एकही हलला नाही.

तिने पाना पुसून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "लावा झाकन. दादांना घ्यायची येळ झाली."